काट्याची साक्ष

मोटार हाकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ज्या तबकड्या मांडलेल्या असतात, त्यांतील वेगाची आणि पेट्रोलची तबकडी प्रत्येकजण पाहतो, पाण्याच्या उष्णतेची निदान घाट चढताना तरी पाहतो. परंतु ज्या एका गोष्टीवर इंजिनाचे आयुष्य सर्वस्वी अवलंबून असते, त्या तेलाच्या दाबाची तबकडी आपल्याकडील बहुतेक गाड्यांत मुळी नसतेच. तिच्या जागी तेलाच्या बुधलीचे चित्र असलेला एक तांबडा दिवा असतो, आणि तो लागेपर्यंत असा काही दाब असतो याची आठवणही कोणाला होत नाही. स्पोर्ट्‌स कारची परंपरा मात्र निराळी आहे. तेथे चालकाने इंजिनाची नाडी स्वतः पाहावी अशी अपेक्षा असे, आणि म्हणून तेलाच्या दाबाचा काटा तेथे सन्मानाने बसविलेला असे.

या परंपरेतील एक उत्कृष्ट उदाहरण म्हणजे हिरोशिमाच्या माझ्दा कारखान्याची एमएक्स-५ ही दोन आसनांची उघडी गाडी. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार-प्रदर्शनात ती प्रथम लोकांपुढे आली. १६०० सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन, हजार किलोंच्या आतले वजन, आणि घोडा व स्वार एकदेह व्हावेत अशा अर्थाचे ‘जिन्बा इत्ताई’ हे जपानी वचन समोर ठेवून केलेली रचना, यांमुळे ती जगभर लोकप्रिय झाली. तिच्या पहिल्या वर्षांच्या गाड्यांत तेलाच्या दाबाचा खराखुरा काटा होता. आज या गाड्या पस्तिशीच्या आसपास पोचल्या आहेत आणि त्यांच्या मालकांना केव्हा ना केव्हा एक दृश्य पाहावे लागते: चांगल्या चालत्या गाडीत तो काटा एकाएकी शून्यावर येऊन पडतो, किंवा उलट शेवटच्या अंकाला जाऊन चिकटतो, किंवा पिंपळाच्या पानासारखा थरथरू लागतो. अशा वेळी प्रश्न एवढाच असतो, की आजारी कोण आहे, इंजिन की त्याच्या वतीने साक्ष देणारा?

हा प्रश्न इतका गंभीर का, हे समजण्यासाठी शंभरांहून अधिक वर्षे मागे जावे लागेल. लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल एंजिनिअर्स या संस्थेसाठी बीचम टॉवर नावाचा एक इंग्रज अभियंता रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगांवर प्रयोग करीत होता. तेल सोडण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले, तेव्हा आत जाण्याऐवजी तेल त्या भोकातून उलट वर येऊ लागले. त्याने बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर फेकली गेली. अखेरीस त्याने तेथे दाबमापक लावले. बेअरिंगवरचा सरासरी भार दर चौरस इंचाला १०० पौंड असताना २०० पौंडांपर्यंत मोजणाऱ्या त्या मापकाचा काटा आपली मर्यादा ओलांडून गेला. १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाची उपपत्ती ऑस्बोर्न रेनॉल्ड्‌सने १८८६ मध्ये गणिताने मांडली: फिरणारा आस तेलाला पाचरीच्या आकाराच्या निमुळत्या फटीत ओढून नेतो, तेथे प्रचंड दाब उत्पन्न होतो, आणि आस धातूला स्पर्श न करता तेलावर अक्षरशः तरंगू लागतो.

मोटारीच्या इंजिनातील क्रँक असाच तरंगत असतो, आणि तो ज्या थरावर तरंगतो त्याची जाडी मिलिमीटरच्या हजारांश भागांत मोजावी लागते. हा थर निर्माण करतो तो फिरणारा आसच. तेलपंपाचे काम एवढेच, की फटीच्या कडांतून जे तेल सतत निसटते त्याची भरपाई अखंड चालू ठेवावी. तबकडीवरचा काटा दाखवितो तो या पुरवठ्याचा दाब. मिनिटाला ७००० फेऱ्यांपर्यंत धावणाऱ्या, म्हणजे सेकंदाला शंभरांहून अधिक वेळा फिरणाऱ्या क्रँकचा पुरवठा क्षणमात्र तुटला तर धातू धातूला भिडतो, बेअरिंग वाजू लागते आणि इंजिन सीझ होते. म्हणूनच काटा शून्यावर पडताच पहिले कर्तव्य एकच: गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करणे. काटा खोटा असेल अशी शंका घेण्याचा अधिकार इंजिन थांबल्यानंतरचा आहे, आधीचा नाही.

आता साक्षीदाराची ओळख करून घेऊ. इंजिनाच्या बिडाच्या ब्लॉकवर, तेलाच्या फिल्टरजवळ, एक लहानशी धातूची डबी आट्यांनी बसविलेली असते. हाच तो सेन्सर. तिच्या आत एक लवचिक पडदा असतो. एका बाजूने तेल त्याला ढकलते, पडदा हलला की विद्युत्‌-रोध बदलतो, आणि त्या मानाने प्रवाह बदलून काटा सरकतो. तबकडीकडे जाणारी तार एकच; प्रवाहाची परतीची वाट डबीच्या अंगातून, आट्यांमधून इंजिनाच्या धातूत उतरते. वर्षानुवर्षे उष्णता आणि कंप सोसून हा पडदा थकतो, संपर्क झिजतो, आणि कित्येकदा पडदा फाटून तेल जोडणीच्या टोकापर्यंत झिरपते. तार काढल्यावर तिचे टोक तेलाने ओले दिसले, तर तपासाचे अर्धे काम तेथेच झाले असे समजावे.

उरलेला अर्धा तपास मात्र क्रमानेच करावा. प्रथम तेलाची पट्टी काढून पातळी पाहावी. ती ठीक असल्यास तार व जोडणी तपासावी. मळलेला किंवा सैल झालेला एक संपर्क किती जणांना विनाकारण खर्चात पाडतो याची गणती नाही. नंतर इंजिन बंदच ठेवून, चावी मात्र चालू स्थितीत आणून, सेन्सरची तार काढावी आणि तिचे टोक क्षणभरच इंजिनाच्या धातूला लावावे. तबकडी व तारा शाबूत असतील तर काटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावतो, आणि संशयाची व्याप्ती इंजिन व सेन्सर या दोघांपुरती उरते.

येथे पुष्कळ लोक घाई करतात आणि नवा सेन्सर आणून मोकळे होतात. माझ्या मते ही मोठी चूक आहे, कारण सुटा भाग बदलणे म्हणजे निदान नव्हे. सेन्सर काढून त्याच भोकात नळीने जोडलेले यांत्रिक दाबमापक लावावे. त्यात वीज नाही, तार नाही. १८४९ मध्ये फ्रान्सच्या युजेन बुर्दोंने शोधलेली वाकडी पोकळ नळी दाबाने सरळ होऊ पाहते आणि काटा फिरविते, इतकी सरळ त्याची जबानी असते. इंजिन सुरू करून या मापकावर नजर ठेवावी; काही क्षणांत काटा उठला नाही, तर तत्काळ बंद करावे. उठला, तर इंजिन पुरते तापू द्यावे, कारण थंड, घट्ट तेल नेहमीच आशादायक दाब दाखविते. दर हजार फेऱ्यांमागे सुमारे १० पौंड हा जुन्या मिस्त्रींचा ठोकताळा. खातरजमेसाठी मात्र कारखान्याच्या पुस्तकातील आकडेच पाहावेत. मापक निरोगी दाब दाखवीत असेल तर सेन्सर दोषी ठरला. तेही कमी दाखवीत असेल, तर झिजलेला पंप, तुंबलेली जाळी, अडकलेली दाबनियंत्रक झडप किंवा घासलेली बेअरिंगे, यांपैकी कोठे दुखणे आहे ते शोधावे लागते. या इंजिनाचे टॅपेट तेलाच्या दाबावर चालणारे असल्यामुळे त्यांची टकटक पुष्कळदा कानी येते. पण ती निरोगी इंजिनातही येते, तेव्हा केवळ तिच्यावरून निवाडा करू नये.

बदलण्याचे काम अवघड आहे ते जागेमुळे. सेन्सर इनटेकच्या नळ्यांखाली दडलेला असल्याने वरून हात पोचत नाही. इंजिन निवाल्यावर बॅटरीची अर्थची तार काढावी, गाडी पुढून उचलून पक्क्या स्टँडवर ठेवावी (केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये), उजवे चाक काढावे आणि त्या बाजूने हात घालावा. खाली फडके धरून खोल सॉकेटने जुना सेन्सर सोडवावा.

नव्याचे आटे पारखल्याशिवाय तो बसवू नये. जपानी गाडीत हे आटे व्हिट्‌वर्थने १८४१ मध्ये घालून दिलेल्या ब्रिटिश धाटणीचे, ५५ अंशांचे, इंचाला २८ असतात; अमेरिकन धाटणीचे ६० अंशांचे, इंचाला २७. दोन्ही दिसायला जुळ्या भावंडांसारखे. पहिले दोन-तीन फेरे अमेरिकन सेन्सर निमूटपणे आत जातो, मग अडतो, आणि मग जोर लावला की ब्लॉकचे आटे जातात. त्यामुळे नवा आणि जुना शेजारी धरून आटे एकमेकांत बसवून पाहावेत. आटे निमुळते असल्याने ते स्वतःच आवळत जातात. पाना बेताने ओढावा. टेफ्लॉनची टेप लावायचीच तर थोडी, आणि टोकाचे आटे मोकळे सोडून; एक तर तिचे तुकडे तेलमार्गात जाऊ नयेत, आणि दुसरे म्हणजे परतीच्या प्रवाहाची वाट याच आट्यांतून आहे.

आणखी एक गोष्ट खेद वाटूनही सांगितली पाहिजे. १९९५ च्या सुमारापासून माझ्दाने या गाडीतील खरा सेन्सर काढून तेथे केवळ एक स्विच बसविला. दाब एका किमान मर्यादेवर गेला की काटा मध्यावर येऊन स्थिर राहतो, मग दाब २० पौंड असो वा ६०. वस्तुतः तो तांबडा दिवाच. त्याने फक्त काट्याचा वेष घेतला आहे. ज्या चालकाला इंजिनाशी एकदेह व्हायचे, त्याच्यापासून इंजिनाचीच अवस्था लपवावी हे मला पटत नाही, आणि म्हणून जुन्या प्रतीचा सेन्सर व त्याला जुळणारी तबकडी खटपटीने मिळवून बसविणाऱ्या मालकांविषयी मला मनापासून आदर वाटतो. अशी नंतरची गाडी असणाऱ्याने, काटा सदैव मध्यावरच राहतो म्हणून चांगला सेन्सर बदलायला निघू नये.

नवा सेन्सर बसला, त्याची तार आणि बॅटरीची अर्थची तार पुन्हा जोडली, की इंजिन सुरू करून खाली टॉर्च धरावा आणि आट्यांपाशी तेल पाझरते का ते पाहावे. गरम झाल्यावर पुन्हा पाहावे. मग थंड इंजिनाचा, तापलेल्या इंजिनाचा आणि ३००० फेऱ्यांवरचा असे तीन आकडे तारखेसह गाडीच्या वहीत नोंदवून ठेवावेत, म्हणजे पुढे काटा पुन्हा कधी काही वेगळे सांगू लागला तर त्याची आजची जबानी ताडून पाहायला हाताशी राहील.