अचूक, पण किती वाजता?

पहाटे ५.१५, कुर्ला. सीएसटी रोडवरच्या गॅरेजमध्ये वेल्ड करून घेतलेली लोखंडी पट्टी पिशवीत आहे. तिच्यावर तीन अँटेना शेजारी शेजारी बसतात. ट्रॅक्टरला आपोआप वळवणाऱ्या उपग्रह-मार्गदर्शनाची अचूकता तपासायची आहे. कुर्ल्यात ही चाचणी होणं शक्य नाही. उपग्रहांचे संकेत इमारतींवर आपटून येतात आणि अंतर खोटं सांगतात. म्हणून कर्जत लोकल.

सकाळी ७.३०. भात कापून रिकामी झालेली खाचरं, त्यातलं सर्वांत लांब खाचर निवडलं आहे. ट्रॅक्टरच्या छतावर साधा जीपीएस, ‘गगन’ या भारतीय उपग्रह-प्रणालीची दुरुस्ती घेणारा रिसीव्हर आणि जमिनीवरच्या जवळच्या बेसकडून दुरुस्ती घेणारा आरटीके. आरटीकेचा बेस बांधावर, तिपाईवर. खरी जागा सांगायला टोटल स्टेशन हे मोजणीयंत्र. ते छतावरच्या प्रिझमचा पाठलाग करतं.

९.००. “साहेब, स्टीअरिंग सोडू?”

“सोडा दादा. पाय मात्र ब्रेकजवळ असू द्या.”

आयएसओ १२१८८ या मानकात लगतच्या फेऱ्यांतली चूक पंधरा मिनिटांच्या आत मोजतात. एवढ्या वेळात साधा जीपीएसही शहाणा दिसतो, कारण दोन्ही फेऱ्यांत तो जवळजवळ सारखाच चुकतो. जाहिरातीत बहुधा हाच आकडा असतो.

११.००. उताराची बाजू. अँटेना जमिनीपासून अडीच मीटर उंच. ट्रॅक्टर पाच अंश कलला की अँटेना सुमारे २२ सेंटीमीटर बाजूला जातो. कल मोजून तो वजा करणारा सेन्सर नसेल, तर आरटीकेचे अडीच सेंटीमीटर कागदावरच राहतात. दीड मीटरच्या पेरणीयंत्राची प्रत्येक फेरी १५ सेंटीमीटर आधीच्या फेरीवर चढली, तर दहावा हिस्सा बियाणं दुबार पडतं.

दुपारी २.००. सकाळच्याच ओळीवर पुन्हा. या सुमारास आयनांबरातले इलेक्ट्रॉन सर्वाधिक असतात आणि संकेतांना उशीर होतो. साध्या जीपीएसची ओळ सरकलेली दिसते. आरटीके टिकतो, कारण जवळच्या बेसलाही तीच चूक लागते आणि ती वजा होते. सोयाबीनच्या रुंद वरंब्यावर पुढच्या हंगामात त्याच सरीतून चाक न्यायचं, तर ही परतीची अचूकताच कामाची.

सायंकाळी ७.३०. मार्च महिना, सूर्यास्त होऊन गेलेला. आपल्या अक्षांशांवर, विशेषतः सूर्य सक्रिय असलेल्या वर्षांत, या वेळी आयनांबरात बुडबुडे उठतात आणि संकेत लुकलुकतात. आरटीकेचं ‘फिक्स’ (पक्कं उत्तर) सुटून ‘फ्लोट’ (अंदाजी उत्तर) आलं, की सेंटीमीटरची चूक डेसिमीटरवर जाते. ऊन टाळायला रात्री नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याला हे आधी सांगायला हवं.

रात्री १०.३०, कुर्ला. तक्त्यात प्रत्येक चुकीशेजारी वेळ, कल आणि बेसपासूनचं अंतर लिहितो. सरासरी शेवटी काढतो. महाराष्ट्रात भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स केंद्रांचं, म्हणजे सतत चालू असलेल्या बेसचं, जाळं आहे, त्यामुळे प्रत्येकाने स्वतःचा बेस घ्यायलाच हवा असंही नाही. पण यंत्र घेणाऱ्याने विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत: जाहिरातीतले अडीच सेंटीमीटर किती वाजता मोजले? किती उतारावर? आणि दुसऱ्या दिवशी त्याच ओळीवर परतून पुन्हा मोजले का? तिन्ही उत्तरं लेखी मिळाल्याशिवाय पैसे मोजू नयेत.