‘बसा की’ मधला ‘की’

इंदापूर तालुक्यातलं कळस घ्या, किंवा बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यातलं दुसरं कोणतंही गाव. तिथे सहज कानावर पडतील अशी ही चार वाक्यं:

‘मुकादम म्हणाला की ऊसतोडीची टोळी उद्या येईल.’
‘यंदा आडसाली ऊस लावायचा की सुरू?’
‘कालव्याला पाणी सुटलं की दारं धरायची.’
‘उभे का? बसा की!’

चारही ठिकाणी शब्द एकच, तोही एका अक्षराचा. कामं मात्र चार, आणि ऐकणाऱ्याचा एकदाही घोटाळा होत नाही.

पहिली तीन कामं शालेय व्याकरणाला ठाऊक आहेत. ‘की’ हे उभयान्वयी अव्यय तिथे तीन वेगवेगळ्या खणांत सापडतं: स्वरूपबोधक, विकल्पबोधक आणि संकेतबोधक. पण खणांची नावं पाठ करून त्यातली गंमत कळत नाही.

विकल्पाचा ‘की’ पाहा. ‘चहा किंवा कॉफी घेणार का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणता येतं. ‘चहा घेणार की कॉफी?’ याला ‘हो’ हे उत्तरच होत नाही. एकाची निवड करावीच लागते. ‘किंवा’ पर्याय मांडून ठेवतो, ‘की’ त्यातून एक निवडायला लावतो.

संकेताचा ‘की’ तर काळाशीच खेळतो. ‘पाणी सुटलं की फोन करतो.’ पाणी अजून सुटलेलं नाही, तरी क्रियापद भूतकाळाच्या रूपात! ‘पाणी सुटलं की आम्ही शेतावर जायचो’ हेही चालतं, कारण ते वारंवार घडायचं. पण काल एकदाच घडलेली गोष्ट सांगताना आपण ‘पाणी सुटलं की मी गेलो’ म्हणत नाही, ‘सुटल्यावर गेलो’ म्हणतो. हा नियम आपल्याला कोणी शिकवलेला नसतो, तरी लहान मूलही तो अचूक पाळतं.

‘म्हणाला की’ मधल्या ‘की’ला शेजारच्या भाषांचा इतिहास आहे. फारसीत ‘के’ हेच काम करतो, आणि हिंदी-उर्दूतला ‘कि’ तिथूनच आला असं अभ्यासक मानतात. मराठीजवळ दुसरी रीतही आहे: ‘टोळी उद्या येणार म्हणून त्यानं सांगितलं.’ इथे निरोप आधी येतो, जोडणारा शब्द मागून. कन्नडमधला ‘अंत’ आणि दखनीतला ‘बोलके’ असेच मागून येतात. उत्तरेची आणि दक्षिणेची, अशा दोन्ही रीती मराठी माणूस एकाच संभाषणात सहज वापरतो.

आता चौथा, वाक्याच्या शेवटचा ‘की’. तो दोन वाक्यं जोडत नाही. ‘बसा’ म्हटलं तर ती नुसती सूचना. ‘बसा की’ म्हटलं की त्यात आग्रह येतो, जवळीक येते. ‘डब्यात साखर नाही वाटतं,’ असं कोणी म्हणालं आणि ‘आहे की!’ असं उत्तर आलं, तर ते साखरेची माहिती देतं आणि समोरच्याची शंकाही खोडून काढतं. ही छटा ‘आहे’ या एकट्या शब्दात नाही.

थेट मध्य युरोपातल्या स्लोव्हाक भाषेत याला जोडीदार सापडतो. तिथे ‘वियेम, झे प्रीदेश’ म्हणजे ‘मला माहीत आहे की तू येशील’. यातला ‘झे’ म्हणजे आपला ‘की’. आणि हाच उच्चार आज्ञार्थाच्या शेवटी चिकटतो: ‘पोदझे’ म्हणजे ‘ये की’, ‘पोचकायझे’ म्हणजे ‘थांब की’. या दोन भाषा एकमेकींपासून खूप दूर वाढल्या. तरी वाक्य जोडणारा आणि माणसाला आर्जवानं बोलावणारा शब्द दोन्हीकडे एकच उच्चार घेऊन उभा आहे.

स्लोव्हाक शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला हा ‘झे’ भाषेचा एक बारकावा वाटेल. आपल्याकडे ‘बसा की’, ‘सांगा की’ बोलणाऱ्या मुलाला मात्र ‘गावठी बोलू नकोस’ असं ऐकावं लागतं. हा त्या मुलावर अन्याय आहे आणि भाषेवरही. शिक्षकांना विनंती आहे: वहीतला हा ‘की’ खोडू नका. तो फळ्यावर लिहा आणि मुलांनाच विचारा, त्याच्यामुळे वाक्यात काय बदललं. व्याकरणाचा इतका जिवंत धडा पुस्तकात शोधून सापडणार नाही.