तारांवरची मोडी

कला महाविद्यालयाच्या वार्षिकात मायक्रोप्रोसेसर कशाला, असे कुणी विचारील. पण मोडी वाचायला बसलेल्या विद्यार्थ्याला जी अडचण येते, तीच मला नाशिकात गंगापूर रोडवरच्या एका मित्राच्या खोलीत दिसली. म्हणून हा प्रपंच.

मोडीत आधी ओळ आखतात आणि तिच्याखाली लेखणी न उचलता अक्षरे धावतात. शब्द कुठे संपला, हे वाचणाऱ्याने ठरवायचे. इंटेलने १९७६ साली काढलेल्या ८०८५ या मायक्रोप्रोसेसरचेही असेच आहे. त्याला पाय ४०. त्यांत काटकसर व्हावी म्हणून एकाच ८ तारांवर आधी स्मृतीतल्या जागेचा अर्धा पत्ता जातो आणि क्षणभराने त्याच तारांवरून त्या जागेतला मजकूर येतो. अशा तारांच्या जुडग्याला बस म्हणतात.

लॉजिक ॲनलायझर या तारांवर एकाच वेळी नजर ठेवतो आणि प्रत्येकीवर शून्य आहे की एक, हे क्रमाने टिपतो. ह्यूलेट-पॅकार्डने असे यंत्र १९७३ साली आणले. आज संगणकाला जोडायचे १६ तारांचे छोटे यंत्र विद्यार्थ्यालाही परवडते.

जोडणीत पहिला मान ग्राउंडचा. दोन्हीकडचे ग्राउंड एक नसेल तर पुढचे सारे वाचन व्यर्थ. मग बसच्या ८ तारा, त्यानंतर ए.एल.ई., आर.डी., डब्ल्यू.आर., आय.ओ.-एम., एस-० आणि एस-१ या ६ खुणेच्या तारा, पंधरावी रीसेटची. शून्य आणि एक यांची सीमा साधारण दीड व्होल्टवर ठेवावी. घड्याळ ३ मेगाहर्ट्झचे असेल तर एक ठोका मायक्रोसेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याचा असतो. एका ठोक्यात अनेक नोंदी व्हायला हव्यात; नाहीतर ए.एल.ई.चा बारीक ठोका निसटतो. नोंद कधी सुरू करायची, हेही सांगावे लागते. आम्ही सांगितले, रीसेट सुटताच.

आता तोडणी. ए.एल.ई. खाली उतरते तेव्हा तारांवर पत्ता असतो. आर.डी. खाली जाऊन पुन्हा वर चढण्याच्या बेतात असते, तेव्हा मजकूर. एस-० आणि एस-१ दोन्ही एक असतील, तर तो मजकूर म्हणजे आज्ञा.

मित्राने चार रात्री आपला प्रोग्राम पुनःपुन्हा तपासला होता. दोन दिवसांवर प्रकल्प दाखवायचा होता, आणि आपल्यालाच हे जमत नाही, असे त्याच्या मनाने घेतले होते. ईप्रॉममध्ये पहिला आकडा होता ३ई, म्हणजे ‘पुढचा आकडा ए कप्प्यात भर’. पुढचा आकडा ०५. पडद्यावर मात्र शून्य पत्त्यावर दिसले ३सी: ‘ए मध्ये एक मिळव’. त्यामुळे ०५ हा आकडा राहिलाच नाही. तीही आज्ञा झाली: ‘बी मधून एक वजा कर’. अर्थाची तोड चुकली आणि सारी ओळ बिघडली.

३ई आणि ३सी यांत फरक एकाच तारेचा. त्या तारेचा माग काढत गेलो, तर ईप्रॉमचा एक पाय सॉकेटमध्ये न जाता पोटाखाली दुमडलेला! त्या तारेवर मजकूर आलाच नव्हता. पत्त्याच्या वेळचे शून्य तसेच राहिले होते.

पाय सरळ केला. प्रोग्राममधले एक अक्षरही बदलावे लागले नाही. मित्र बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “म्हणजे मी बरोबर लिहिलं होतं.”