ग्रीनवे : कादंबरीत शिरलेलं घर
इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात, डार्ट नदीकाठच्या उतारावर ग्रीनवे हे घर आहे. रहस्यकथालेखिका अगाथा ख्रिस्ती यांनी ते १९३८ मध्ये ६,००० पौंडांना घेतलं, सुट्टीत राहण्यासाठी. त्यांच्या ‘डेड मॅन्स फॉली’ (१९५६) या कादंबरीतलं नासे हाउस म्हणजे हेच. कादंबरीत खुनाचा खेळ रंगत असताना बोटहाउसमध्ये एका मुलीचा खराच खून होतो. ते बोटहाउस आजही नदीकाठी उभं आहे. कादंबरी वाचूनच तिथे जावं. दुसऱ्या महायुद्धात घर अमेरिकी तटरक्षक दलाच्या ताब्यात होतं. त्यांच्यातल्या एका अधिकाऱ्याने ग्रंथालयाच्या भिंतीवर रंगवलेली युद्धाची चित्रपट्टी ख्रिस्तींनी मोठ्या मनाने तशीच ठेवली. २००० पासून ग्रीनवे नॅशनल ट्रस्टकडे आहे. डेव्हिड सूशे यांच्या पॉयरो या दूरचित्रवाणी मालिकेतल्या ‘डेड मॅन्स फॉली’चं चित्रीकरणही इथे झालं.