गच्ची, अंगण, किल्ला: अल्काझींची शाळा

दिल्लीत मंडी हाउसच्या चौकाजवळ रवींद्र भवन आहे. तिथल्या आवारात एक खुले नाट्यगृह असून त्याचे नाव 'मेघदूत'. मुंबईतही एकेकाळी एक 'मेघदूत' होते. कंबाला हिलवरच्या 'विठ्ठल कोर्ट' नावाच्या इमारतीची ती गच्ची. जिने चढून प्रेक्षक वर जात आणि आभाळाखाली बसून नाटक बघत. ही दोन्ही नाट्यगृहे एकाच माणसाने उभी केली. त्याचे नाव इब्राहिम अल्काझी.

भारतातल्या आधुनिक अभिनय-शिक्षणाचा इतिहास अल्काझींना वळसा घालून लिहिता येत नाही. 1962 ते 1977 अशी पंधरा वर्षे ते राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते. ओम शिवपुरी, ब. व. कारंत, मोहन महर्षी, मनोहर सिंग, सुरेखा सिक्री, उत्तरा बावकर, नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, रोहिणी हट्टंगडी, रतन थिय्याम, प्रसन्ना, बन्सी कौल, नीलम मानसिंग ही मंडळी त्या काळात विद्यालयात घडली. यादी इथे थांबवली तरी पुरे, कारण नावे मोजण्यापेक्षा एका हाताखालून गेलेली माणसे इतकी वेगवेगळी कशी निघाली, याचे कुतूहल मला अधिक वाटते.

अल्काझींचा जन्म 18 ऑक्टोबर 1925 रोजी पुण्यात झाला. वडील अरबस्तानातून व्यापारानिमित्त आलेले, आई कुवेतची. घरात अरबी, शाळेत इंग्रजी आणि गावात मराठी. सेंट व्हिन्सेंट शाळेतला हा मुलगा पुढे मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजात गेला आणि तिथे सुलतान पदमसी या विलक्षण तरुणाच्या 'थिएटर ग्रुप'मध्ये सामील झाला. सुलतान 1946 साली ऐन तारुण्यात गेले. त्यांची बहीण रोशन हिच्याशी अल्काझींचे लग्न झाले. पुढे अल्काझींच्या कितीतरी नाटकांची वेशभूषा रोशन यांनी केली आणि प्राचीन भारतीय वेशभूषेवर ग्रंथही लिहिला. फाळणीनंतर अल्काझींचे बाकीचे कुटुंब देश सोडून गेले. ते स्वतः मात्र इथेच राहिले.

लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये, म्हणजे 'राडा'त, त्यांनी रीतसर शिक्षण घेतले. 1950 साली बीबीसीचा पुरस्कारही मिळाला. विलायतेत राहण्याची वाट मोकळी असताना ते मुंबईला परतले, 'थिएटर युनिट' काढले, नाट्यशिक्षणाचे वर्ग चालवले आणि देशभरच्या रंगभूमीची खबर देणारे एक बुलेटिनही छापले. युरिपिडीस, इब्सेन, स्ट्रिंडबर्ग, आर्थर मिलर यांची नाटके त्या गच्चीवर आणि इतरत्र इंग्रजीत होत होती.

मराठी वाचकाने या मुंबईच्या पर्वाकडे जरा थांबून बघावे, असे मला मनापासून वाटते. आपण अल्काझी म्हटले की थेट दिल्ली आठवतो. पण त्यांच्या शिकवणीचा मराठी रंगभूमीला पहिला स्पर्श झाला तो मुंबईतच. विजया मेहता तरुणपणी त्यांच्याकडे शिकल्या. 'झिम्मा' या आत्मचरित्रात त्यांनी त्या दिवसांबद्दल लिहिले आहे. 1960 साली त्यांनी 'रंगायन' सुरू केले आणि मराठी प्रायोगिक रंगभूमीला घर मिळाले. तेंडुलकर, खानोलकर, एलकुंचवार यांची नाटके ज्या शिस्तीने बसवली गेली, त्या शिस्तीचे एक मूळ अल्काझींच्या वर्गात आहे. संहितेचा शब्द न् शब्द तपासायचा, नटाने शरीर आणि आवाज रोज घासून पुसून तयार ठेवायचा, रंगमंचावरची प्रत्येक हालचाल कशासाठी ते ठाऊक असल्याखेरीज करायची नाही: ही ती शिस्त. दुसरा धागा सत्यदेव दुबे यांचा. अल्काझी दिल्लीला निघाले तेव्हा थिएटर युनिटची सूत्रे त्यांनी दुबेंकडे दिली. विमा महामंडळात नोकरी करणारे अमरीश पुरी नाटकात आले तेही याच वर्तुळातून. दुबेंनी पुढे हिंदी आणि मराठीत किती नट-लेखक घडवले, हे मुंबईच्या नाटकवाल्यांना वेगळे सांगायला नको.

दिल्लीत अल्काझी आले तेव्हा विद्यालय तीन वर्षांचे होते. 1959 साली संगीत नाटक अकादमीने ते सुरू केले होते. स्वतंत्र इमारत नव्हती, सज्ज नाट्यगृह नव्हते, कैलास कॉलनीतल्या एका भाड्याच्या जागेत वर्ग भरत. आज बहावलपूर हाउसमधली विद्यालयाची वास्तू बघताना ते चित्र डोळ्यांपुढे आणायला हवे.

आणि इथेच त्यांची खरी शिकवण सुरू होते. नाट्यगृह नाही, तर ते बांधायचे. त्या घराच्या मोकळ्या जागेत विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन त्यांनी रंगमंच उभा केला आणि 1962 साली मोहन राकेश यांचे 'आषाढ का एक दिन' बसवले. जो मुलगा सकाळी माती वाहतो, तोच संध्याकाळी त्या मातीवर उभा राहून बोलणार असेल, तर त्याच्या पायाला त्या जागेची ओळख होते. अभिनयाच्या पुस्तकात हा धडा मिळत नाही. त्यांचे बरेच विद्यार्थी आपल्या आठवणींत एक प्रसंग आवर्जून सांगतात: संडास स्वच्छ नसला की संचालक स्वतः ती सफाई करून दाखवत. मला यात शिस्तीच्या धाकापेक्षा एक साधा विचार दिसतो. नाटक ज्या जागेत होते, तिचा कोपरा न् कोपरा नटाचा आहे.

अभ्यासक्रमाची मांडणीही याच विचारातून झाली. तीन वर्षांच्या शिक्षणात अभिनयाच्या विद्यार्थ्यालाही सुतारकाम, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा, वेशभूषा यांतून जावे लागे. त्याच्या जोडीला नाट्यवाङ्मयाचा इतिहास, चित्रकला, शिल्प, वास्तुकला. चित्रकलेवर अल्काझींचे स्वतःचे विलक्षण प्रेम होते, स्वतः ते चित्रे काढत. एखादे नाटक शिकवायचे तर त्या काळातली घरे कशी होती, लोक बसत-उठत कसे, उजेड कुठून येई, कापड कोणते असे, इथून सुरुवात. ग्रीक शोकांतिका, शेक्सपियर, संस्कृत नाटक आणि नवे भारतीय नाटक ही सगळी एकाच ताटात वाढली जात. बाहेरचे दिग्दर्शकही आले. जर्मनीहून फ्रिट्झ बेनेविट्झ यांनी ब्रेख्त बसवला, जपानी परंपरा जाणणाऱ्या शोझो सातो यांनी 'इबारागी' हे काबुकी नाटक केले. पुण्याहून गेलेली रोहिणी ओक, म्हणजे आपल्या रोहिणी हट्टंगडी, त्या काबुकीत होत्या. पुण्यातल्या मुलीने दिल्लीत जपानी रंगपद्धतीत पाय रोवायचा, ही गोष्ट त्या शाळेत नवलाची राहिली नव्हती.

1964 साली विद्यालयाची रेपर्टरी कंपनी निघाली, म्हणजे शिकून बाहेर पडलेल्या नटांना पगारी काम देणारी नाटकमंडळी. तिचे महत्त्व फार मोठे. अभिनय शिकून पोटापाण्यासाठी दुसरीकडे वळावे लागू नये, याची ती पहिली सोय होती. उत्तरा बावकर यांनी ऐन उमेदीची वर्षे या रेपर्टरीत घालवली आणि मनोहर सिंग, सुरेखा सिक्री यांच्या तोडीने हिंदी रंगभूमीवर उभ्या राहिल्या. मराठी प्रेक्षकाला त्या 'दोघी', 'उत्तरायण' अशा चित्रपटांतून भेटल्या. पडद्यावर शांत बसलेल्या त्यांच्या चेहऱ्यावर जे चालते, त्यामागे रोजच्या तालमीची किती वर्षे आहेत, हे त्या रेपर्टरीच्या इतिहासाकडे पाहिल्याशिवाय कळत नाही.

अंगणातून अल्काझी किल्ल्यात गेले. धर्मवीर भारतींचे 'अंधा युग' त्यांनी 1963 साली फिरोजशाह कोटल्याच्या भग्न भिंतींमध्ये केले. महाभारत युद्धाच्या शेवटच्या दिवसाचे नाटक, आणि समोर खऱ्याखुऱ्या राज्याचे अवशेष. पंतप्रधान नेहरूंनी ते पाहिले होते. भारतींनी ते लिहिले तेव्हा रंगमंचावर ते कसे उभे राहणार, असा प्रश्न अनेकांना पडला होता. मुंबईत दुबेंनी, त्याच गच्चीवर, आणि दिल्लीत अल्काझींनी त्याचे उत्तर दिले.

पुढे पुराना किल्ल्यात 1974 साली 'तुघलक', 'सुलतान रझिया' आणि पुन्हा 'अंधा युग' झाले. गिरीश कर्नाडांचा तुघलक हा दिल्लीचाच सुलतान. मनोहर सिंग त्या प्राचीन पायऱ्यांवरून बोलू लागले की प्रेक्षकांना इतिहासाच्या अंगणात बसल्यासारखे होई. आवाज किती दूर फेकायचा, चाळीस-पन्नास पावलांचा प्रवेश एका श्वासात कसा पेलायचा, अंधाराला किती जागा द्यायची, या गोष्टी चार भिंतींच्या रंगमंचावर शिकता येत नाहीत. किल्ला हाच इथे मास्तर होता.

या शाळेवर आक्षेपही घेतले गेले आणि ते हलके नाहीत. अल्काझी मुख्यतः इंग्रजीतून शिकवत. खेड्यातून, हिंदी-पंजाबीतून आलेल्या मुलांना पहिले काही महिने जड जात. ओम पुरींनी आपल्या या अडचणीबद्दल मोकळेपणाने सांगितले आहे. शिवाय सगळे निर्णय एका माणसाच्या हातात, युरोपीय नाटकाचा वरचष्मा, लोकनाट्याकडे पुरेसे लक्ष नाही, असेही म्हटले गेले. लोकपरंपरेपुरता आक्षेप मला पटतो. तमाशा, यक्षगान, नौटंकी यांचे शहाणपण त्या अभ्यासक्रमात मध्यभागी नव्हते. 1977 साली अल्काझी बाहेर पडले आणि त्यांच्याच काळात तिथे शिकलेले ब. व. कारंत संचालक झाले, तेव्हा गाडी त्या दिशेला वळली. पण कारंतांना हे वळण घेता आले, कारण वळवायला एक पक्की चाकोरी आधी तयार होती. शिष्याने गुरूची उणीव भरून काढावी, ही गुरूच्या शिकवणीचीच एक पावती आहे असे मी मानतो.

विद्यार्थी बाहेर पडले ते जागा बांधायची सवय घेऊन. रतन थिय्याम इंफाळला परतले आणि 1976 साली 'कोरस रेपर्टरी' काढली, जिथे नट शेतीही करतात आणि तालीमही. कारंतांनी भोपाळच्या भारत भवनात रंगमंडळ उभे केले, मग म्हैसूरला 'रंगायण'. बन्सी कौल यांनी भोपाळला 'रंगविदूषक' सुरू केले, नीलम मानसिंग यांनी चंदीगडला 'द कंपनी'. यांच्या नाटकांत एकमेकांशी काही साम्य नाही. थिय्यामांची मणिपुरी युद्धकला, कौल यांचे विदूषक आणि नीलम मानसिंग यांचे पंजाबी नक्काल यांत अल्काझींची शैली शोधू गेल्यास सापडणार नाही. सापडते ती कामाची पद्धत. मोठ्या शहराची वाट न बघता आपल्या मातीत, आपल्या भाषेत, सगळी कामे हाताने करत नाटकाची शाळा चालवायची.

विद्यालय सोडल्यावर अल्काझींनी रोशन यांच्यासह दिल्लीत त्रिवेणी कला संगममध्ये 'आर्ट हेरिटेज' ही कलादालनाची संस्था चालवली आणि जुन्या भारतीय छायाचित्रांचा मोठा संग्रह जमवला. 1990च्या दशकाच्या आरंभी रेपर्टरीसाठी पुन्हा नाटके केली, त्यांत कर्नाडांचे 'रक्त कल्याण' होते. 2010 साली पद्मविभूषण मिळाले. त्याआधी, 2004 साली, डॉ. श्रीराम लागूंच्या रूपवेध प्रतिष्ठानने पहिला तन्वीर सन्मान दिला तो अल्काझींनाच. विजया मेहतांच्या 'रंगायन'शी जवळचे नाते असलेल्या लागूंनी मेहतांच्या गुरूला केलेला तो नमस्कार होता, असे मला वाटते. 4 ऑगस्ट 2020 रोजी दिल्लीत, वयाच्या 94व्या वर्षी, अल्काझी गेले.

मराठवाड्यातही या शाळेची एक फांदी आहे. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेले कमलाकर सोनटक्के औरंगाबादला आले आणि तिथल्या विद्यापीठात नाट्यशास्त्राच्या विभागाची उभारणी त्यांनी केली. गावोगावची, शेतकऱ्यांची, कष्टकऱ्यांची मुले तिथे नाटक शिकू लागली. बीड जिल्ह्यातल्या दरडवाडीचे वामन केंद्रे त्याच विभागात शिकले, तिथून दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले, आणि 2013 साली अल्काझींच्या त्याच संस्थेचे संचालक झाले.