बिटरगावच्या वाटेवर

पंढरपूरहून टेंभुर्णीला निघालं की वाटेत करकंब लागतं. उसाच्या ट्रॉल्या, पंढरीला जाणाऱ्या-येणाऱ्या जीपा आणि बाजाराच्या दिवशी खच्चून भरलेल्या एसट्या, ही या रस्त्याची नेहमीची वाहतूक. पंढरपूर-सांगोल्याकडच्या माणसाला करमाळा गाठायचं असेल तर हीच सोयीची वाट. करकंब, टेंभुर्णी, मग कंदर, जेऊर आणि करमाळा. २०१६ सालच्या मे महिन्यापासून या वाटेला एक नवं कारण मिळालं. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसं सिनेमातलं एक गाव शोधत करमाळा तालुक्यात येऊ लागली. गावाचं नाव बिटरगाव.

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. मंजुळे जेऊरचे. त्यांनी सिनेमाचा पूर्वार्ध आपल्याच तालुक्यात उभा केला: केळीच्या बागा, उसाचे फड, उघडा माळ आणि उजनी धरणाचं पसरलेलं पाणी. नायिका आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची, सल्या झालेला अरबाज शेख जेऊरचा, लंगड्या झालेला तानाजी गळगुंडे माढा तालुक्यातल्या बेंबळ्याचा. म्हणजे करकंबपासून तासा-दीड तासाच्या टापूतली ही सगळी पोरं. पडद्यावरची बोलीही याच टापूतली, आणि ती सपाट करण्याचा प्रयत्न कुणी केला नव्हता. बर्लिनच्या महोत्सवात हा सिनेमा फेब्रुवारीतच दाखवला गेला होता. संगीतकार अजय-अतुल यांनी त्याचं वाद्यवृंद-संगीत थेट लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित केलं होतं. तरी गावोगावच्या थिएटरांत जे घडलं त्याचा अंदाज कुणालाच नव्हता. ‘झिंगाट’ गाणं लागलं की प्रेक्षक खुर्च्या सोडून पडद्यासमोर नाचायला जात. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपुरात लोकांच्या मागणीमुळे रात्री बारा आणि पहाटे तीनचे खेळ लावावे लागले. बंद पडलेली काही थिएटरं पुन्हा उघडली. शंभर कोटींच्या कमाईचा आकडा ओलांडणारा हा पहिला मराठी सिनेमा.

थिएटरातल्या या वेडाबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे. त्यानंतर लोकांनी जे केलं, ते मात्र अधिक विचार करण्याजोगं आहे. ते गाड्या काढून निघाले. करमाळ्याजवळच्या माळावर एक वठलेलं झाड होतं. सिनेमातली वेगवेगळ्या जातींतली प्रेमी जोडी, आर्ची आणि परश्या, त्याच्या फांदीवर बसलेली दिसते म्हणून तेही त्या फांदीवर बसले. विहिरी शोधल्या, केळीच्या बागांतून फिरले, उजनीच्या काठावर उभे राहिले. करमाळ्यात आलेल्यांची पावलं कमलाभवानीच्या देवळाकडेही वळली. अठराव्या शतकात रावरंभा निंबाळकरांनी बांधवलेलं हे देऊळ, त्याच्या दीपमाळा आणि ९६ पायऱ्यांची बारव एरवी परगावच्या फार थोड्यांना ठाऊक होती.

त्या उन्हाळ्यात सोलापूर जिल्हा दुष्काळाने पोळला होता. उजनीचा साठा मृतपातळीच्याही बराच खाली गेलेला. भीमेवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं, क्षमता सुमारे ११७ टीएमसी. पाणी इतकं आटलं की पलीकडे इंदापूरच्या बाजूला पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडतं. पडद्यावर निळंशार पाणी पाहून आलेल्यांपुढे भेगाळलेला गाळ होता. तरीही लोक येत राहिले.

मनोरंजनाच्या जगात कथेतल्या जागी जाण्याच्या या ओढीवर आता फार मोठा धंदा उभा आहे. अमेरिकेत ऑरलँडोच्या युनिव्हर्सल पार्कमध्ये १८ जून २०१० रोजी हॅरी पॉटरचं हॉग्जमीड गाव उघडलं. तिथे पोरं जादूची छडी विकत घेतात आणि पुस्तकात वाचलेलं बटरबीअर पितात. २०१९ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये चौदा एकरांवर ‘स्टार वॉर्स’चं गाव वसलं, तिथे माणूस स्वतः मिलेनियम फाल्कन हे यान चालवतो. आपल्याकडे खोपोलीजवळच्या इमॅजिकात २०१३ पासून ‘मिस्टर इंडिया’ची राइड आहे. कर्जतला कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी २००५ साली स्टुडिओ उभारला, आणि ‘जोधा अकबर’साठी तिथे रचलेला किल्ला पाहायला पुढे प्रेक्षकही जाऊ लागले. सोलापूरकरांना सोयीची म्हणजे हैदराबादची रामोजी फिल्म सिटी. शाळेच्या सहली असोत की लग्नानंतरची पहिली सहल, रामोजी ठरलेली. ‘बाहुबली’ नंतर माहिष्मतीचा सेट हे तिथलं मोठं आकर्षण झालं.

‘स्टार वॉर्स’च्या गावाबाबत चाहत्यांमध्ये जो वाद झाला तो करमाळ्याच्या संदर्भात फार उपयोगाचा आहे. डिस्नेने जुन्या सिनेमांतली ओळखीची ठिकाणं न घेता बटू नावाचा नवाच ग्रह रचला आणि काळही नव्या सिनेमांचा ठेवला. बांधकाम अप्रतिम झालं, याबद्दल दुमत नव्हतं. मात्र जुन्या चाहत्यांची तक्रार होती की ल्यूक, लेया, डार्थ वेडर कुठे आहेत? जॉन विल्यम्सचं ओळखीचं संगीत रस्त्यांवर का वाजत नाही? लहानपणी जिथे मन गुंतलं होतं तिथेच त्यांना जायचं होतं. शेजारचा नवा ग्रह, मग तो कितीही हुबेहूब का असेना, त्यांना चालणार नव्हता.

हाच हट्ट २०१८ साली इकडे वेगळ्या रूपात दिसला. ‘सैराट’चा हिंदी ‘धडक’ राजस्थानात, उदयपूरच्या तळ्या-महालांत घडला. मराठी प्रेक्षकाचा मुख्य आक्षेप जातीचा प्रश्न पातळ झाल्याबद्दल होता, आणि तो योग्यच होता. पण त्याला लागून दुसरी खंतही होती: माळ गेला, केळी गेली, बोली गेली. आर्चीचा ताठा ज्या मातीतून येतो ती मातीच काढून घेतल्यावर उरतं काय?

जागेचं हे वेड मराठी माणसाला सिनेमाने शिकवलेलं नाही. महानुभाव पंथात ‘स्थानपोथी’ नावाचा ग्रंथ आहे. चक्रधरस्वामी कुठे थांबले, कुठे बसले, कुठे निजले, त्या जागांची त्यात नोंद आहे. त्या जागांवर ओटे बांधले गेले आणि शतकानुशतकं लोक त्यांवर डोकं टेकत आले. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं जातं दाखवतात. तिथे आलेली बाई ते नुसतं पाहून परत फिरत नाही, खुंट्याला हात लावते, जमलं तर एक फेरा ओढते. भक्ती आणि सिनेमाची आवड एका पारड्यात घालण्याचं कारण नाही. पण कथेतल्या माणसाने जे केलं ते त्याच जागी आपणही करून पाहावं, ही इच्छा या मुलखात फार जुनी आहे. कोट्यवधी डॉलर खर्चून पार्कवाले हीच इच्छा पुरी करतात. करमाळ्याच्या माळावर ती फुकट पुरी होत होती. फांदीवर बसणारं जोडपं आणि बुलेटवर बसून फोटो काढून घेणारी मुलगी, दोघांनाही तेच हवं होतं. त्यातही बुलेटवरच्या मुलीचं मोल जास्त आहे. ट्रॅक्टर आणि बुलेट चालवणारी नायिका पाहून गावातल्या मुलींनी गाडीची किल्ली मागितली असेल, तर तो या सिनेमाचा मोठाच परिणाम मानायला हवा.

फरक पडतो तो पुढे. पार्कला फाटक असतं, तिकीट असतं, स्वच्छतागृह असतं आणि झाड पडलं तर जबाबदार कोण हेही ठरलेलं असतं. गावाला यातलं काही नसतं. २०१६ मध्येच ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली आणि ती जिथे चित्रित व्हायची तो सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातला राहता वाडा एका रात्रीत प्रेक्षणीय स्थळ होऊन बसला. कोकणात आलेल्या गाड्या वाट वाकडी करून तिथे जाऊ लागल्या. कोल्हापूरजवळच्या वसगड्यात ‘तुझ्यात जीव रंगला’ मालिकेचं चित्रीकरण चालायचं. तिच्या नायकाचं, राणादाचं, घर पाहायला येणाऱ्यांची रीघ लागली आणि शेवटी गावातूनच चित्रीकरणाला विरोध झाला. दुसऱ्याच्या अंगणात आपण उभे आहोत, याचं भान गर्दीला राहत नाही. त्यात तिचा दुष्टावा नसतो. तिने ते घर रोज रात्री टीव्हीवर पाहिलेलं असतं, म्हणून ते तिला आपलंच वाटतं.

या आपलेपणाचा सगळ्यात जड भार रिंकू राजगुरूवर पडला. सिनेमा आला तेव्हा ती पंधरा वर्षांचीही नव्हती. गर्दीमुळे नेहमीच्या वर्गात बसणं अशक्य झालं आणि दहावीची परीक्षा तिला बाहेरून द्यावी लागली. २०१९ मध्ये बारावीसाठी तिचं केंद्र टेंभुर्णीला आलं, तेव्हा महाविद्यालयाला पोलिस बंदोबस्त मागावा लागला. ती ८२ टक्क्यांनी उत्तीर्ण झाली. एका मुलीला पेपर लिहिता यावा म्हणून पोलिस बोलवावे लागतात, तेव्हा तिला पाहायला जमलेल्यांच्या प्रेमाला मर्यादा शिकवण्याची गरज असते. डिस्नेच्या गावात राजकन्येचा वेश केलेली कर्मचारी कामाची पाळी संपली की वेश उतरवून घरी जाते. आर्चीला ती सोय नव्हती.

न्यूझीलंडमधलं एक उदाहरण करमाळ्याने अभ्यासण्यासारखं आहे. मटामाटा गावाजवळ अलेक्झांडर कुटुंबाचं मेंढ्यांचं मोठं शेत आहे. १९९८ मध्ये ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’साठी जागा शोधत हिंडणाऱ्या पीटर जॅक्सनच्या चमूला ते विमानातून दिसलं. तिथे हॉबिटांची वस्ती उभारली गेली, चित्रीकरण झालं आणि करारानुसार सेट पाडायला सुरुवात झाली. पावसाने काम मध्येच थांबवलं आणि सतरा घरांचे प्लायवुडचे पांढरे दर्शनी भाग तसेच उरले. लोक तेवढंच पाहायला येऊ लागले. २००२ मध्ये शेतमालकांनी रीतसर सहली सुरू केल्या. पुढे ‘हॉबिट’साठी वस्ती पुन्हा बांधायची वेळ आली, तेव्हा ती पक्क्या सामानात बांधली गेली. आज तिथे चव्वेचाळीस घरं आहेत आणि शेतात मेंढ्याही चरतात. ज्याच्या जमिनीवर गर्दी येते त्याच्याही हातात व्यवहार राहिला, हा त्यातला मोलाचा भाग.

करमाळ्यात पक्कं बांधण्यासारखं काही नाही, आणि तसं बांधूही नये. सिमेंटची आर्ची आणि फायबरची बुलेट माळावर उभी केली तर त्या माळाचं जे आहे तेही जाईल. शिवाय इथे एक पेच असा आहे जो जगातल्या कुठल्याही पार्कपुढे नाही. ‘सैराट’चा पूर्वार्ध बिटरगावात घडतो आणि उत्तरार्ध हैदराबादच्या झोपडपट्टीत. शेवट तर रक्ताने माखलेला. फिरायला येणारे पूर्वार्धातल्या जागा मागतात. उत्तरार्धातली ती वस्ती रामोजीच्याच शहरात असूनही कुठल्या सहलीच्या पत्रकात दिसत नाही. चाहत्याने आनंदाची जागा निवडावी हे साहजिक आहे. पण ज्या झाडावर बसून लोकांनी फोटो काढले ते झाड आर्ची-परश्याला का सोडावं लागलं, हे तिथे कुणीतरी सांगायला हवं. वेगळ्या जातीत प्रेम केलं म्हणून जीव गेलेल्या पोरांची यादी महाराष्ट्रात सिनेमाआधीही होती आणि नंतरही वाढतच राहिली. शाळेची सहल त्या माळावर आली तर गुरुजींनी हा विषय टाळता कामा नये. नववी-दहावीच्या पोरांशी तो बोलण्यासाठी यापेक्षा चांगली जागा सोलापूर जिल्ह्यात सापडणार नाही.

बाकीची कामं साधी आहेत, आणि ती करणारी माणसं तालुक्यातच आहेत. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं आहे. त्याखाली नोंदणी केलेल्या शेतकऱ्याला पाहुणे उतरवता येतात, त्यांना जेवू घालता येतं. कंदरच्या केळीच्या बागेत फेरी, उजनीच्या काठावर हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी, केमचं प्रसिद्ध कुंकू, कमलाभवानीची बारव आणि बिटरगावच्या जागा, एवढ्यात करकंब-पंढरपूरकडून सकाळी निघालेल्या माणसाचा पूर्ण दिवस जातो. कुणाच्या शेतात शिरायला परवानगी आहे आणि कुणाच्या नाही, हे सांगणारे फलक हवेत. पोरं उड्या मारायला धावतात त्या विहिरींना कठडे हवेत. बायकांसाठी स्वच्छतागृह हवं. गाड्या लावायच्या जागेचे पैसे ग्रामपंचायतीच्या खात्यात जायला हवेत आणि माहिती सांगायला गावातलीच शिकलेली मुलं-मुली उभी करायला हवीत. हे सगळं शाळांच्या उन्हाळी सुट्ट्या लागण्याआधी झालेलं बरं, कारण गर्दी तेव्हाच होते.