छातीचा सोमवार चुकला तर?

सोमवारी संध्याकाळी कुठल्याही जिममध्ये डोकावलं तर बेंच प्रेसपाशी रांग दिसते. सोमवार छातीचा, मंगळवार पाठीचा, बुधवार खांद्यांचा, असा आठवडा ठरलेला असतो. हे वेळापत्रक रुजवलं स्पर्धेत उतरणाऱ्या शरीरसौष्ठवपटूंनी, आणि त्यांचा सगळा दिवस व्यायाम, जेवण आणि झोप यांभोवतीच फिरतो. डोंबिवलीहून लोकलला लटकून मुंबई गाठणारा माणूस तेच जसंच्या तसं उचलतो. मग एके दिवशी ऑफिसात उशीर होतो, बुधवारचे खांदे बुडतात, पुढच्या आठवड्यात पाय बुडतात आणि महिनाभरात जिमच बुडतं. दोष मात्र तो स्वतःच्या आळसाला देतो.

सहा दिवस गेल्याशिवाय अंग भरत नाही, हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. न्यूयॉर्कच्या लेहमन कॉलेजातले संशोधक ब्रॅड शोनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये आधीच्या बऱ्याच प्रयोगांची एकत्र छाननी केली. एकेका स्नायूसाठी आठवड्याला 10 किंवा अधिक सेट मारणाऱ्यांची वाढ सर्वांत चांगली होती. पण 5 पेक्षा कमी सेटवर भागवणाऱ्यांचे स्नायूही वाढले होते. 2019 च्या छाननीत आणखी एक गोष्ट पुढे आली: आठवड्याचे एकूण सेट तेवढेच असतील, तर ते किती दिवसांत वाटले याने फारसा फरक पडत नाही.

डोंबिवलीकराच्या भाषेत हिशेब असा. मंगळवार, गुरुवार आणि रविवार. दर वेळी चारच व्यायाम: स्क्वॉट, बेंच प्रेस, रोइंग आणि खांद्यांसाठी ओव्हरहेड प्रेस. प्रत्येकाचे तीन सेट, मध्ये दोन-दोन मिनिटांची विश्रांती. पाऊण तासात माणूस घामाघूम होऊन मोकळा. आठवड्याअखेर मांड्या, छाती आणि पाठ यांच्या वाट्याला प्रत्येकी नऊ सेट येतात, म्हणजे दहाच्या उंबरठ्यावर. गुरुवार हुकला तरी सहा उरतातच. सहा दिवसांच्या वेळापत्रकात मात्र सोमवार हुकला की छातीचा अख्खा आठवडा कोरडा जातो.

ज्यांच्या घराजवळ जिमच नाही, ते 'जड वजनाशिवाय मसल येत नाही' म्हणून गप्प बसतात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात 2012 मध्ये याची परीक्षा झाली. तरुणांच्या पायांवर दहा आठवडे प्रयोग चालला. एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या 80 टक्के आणि 30 टक्के, अशा दोन्ही भारांनी मांडीचा स्नायू जवळपास सारखाच वाढला. अट एकच, सेट अगदी थकेपर्यंत न्यायचा. ताकद मात्र जड वजनाने जास्त वाढते, हेही खरं. म्हणजे घरच्या जोर-बैठकांनाही पूर्ण मान आहे. फक्त वर्षभर रोज तेच वीस जोर मारले आणि विसाव्यालाही दम लागत नसेल, तर स्नायूला वाढायचं काही कारणच उरत नाही. पाय खुर्चीवर ठेवावेत, पाठीवर पुस्तकांनी भरलेली सॅक घ्यावी, संख्या वाढवावी. कसंही करून काम अवघड करत जावं.

आता प्रोटीनचा डबा. व्यायामानंतर अर्ध्या तासात शेक पोटात गेला नाही तर मेहनत वाया, असं छातीठोकपणे सांगितलं जातं, आणि ते सांगणाऱ्याच्या मागे बऱ्याचदा डब्यांचं कपाट असतं. खरा प्रश्न दिवसभरात एकूण किती पोटात गेलं हा आहे. 2018 मध्ये 49 प्रयोगांच्या छाननीत दिसलं, की शरीराच्या दर किलोमागे दिवसाला साधारण 1.6 ग्रॅमच्या पुढे प्रोटीन वाढवून स्नायूंना फारसा जादा फायदा होत नाही. 65 किलोच्या माणसाला हे 104 ग्रॅम झालं. दोन अंडी 12, पन्नास ग्रॅम कोरड्या सोया चंक्सची भाजी 26, शंभर ग्रॅम पनीर 18, दोन मोठे ग्लास दूध 16, दोन वाट्या घट्ट वरण 12 ते 14, पाच पोळ्या साधारण 15: गोळाबेरीज शंभरापर्यंत पोचते. श्रावणात अंडी बंद झाली तर मूठभर शेंगदाणे आणि मटकीची उसळ भर काढतात. मात्र 'आम्ही रोज वरण खातो, प्रोटीन भरपूर मिळतं' हाही गैरसमजच. पातळ वरणात बहुतेक पाणीच असतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हा आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय गाठू नये. धडधाकट माणसाला त्याची धास्ती नको.

दुसऱ्या दिवशी अंग ठणकलं नाही म्हणजे व्यायाम फुकट गेला, हेही खरं नाही. ठणका नव्या हालचालींनी येतो, सवयीने ओसरतो. वाढीचं ते माप नव्हे.

रात्रपाळी करणाऱ्यांसाठी अपुरी झोप हा खरा अडसर. शिकागो विद्यापीठात 2010 मध्ये कमी आहारावर असलेल्या दहा जणांना दोन आठवडे साडेआठ तास आणि दोन आठवडे साडेपाच तासच बिछान्यात राहायला सांगितलं. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं. पण झोप तोडली तेव्हा चरबी कमी घटली आणि चरबीखेरीजचं वजन 60 टक्के जास्त गेलं. पाळी संपवून सकाळी थेट जिम गाठण्यापेक्षा आधी झोपून संध्याकाळी पाळीवर जाण्यापूर्वी व्यायाम उरकणं म्हणूनच शहाणपणाचं.

आणि ऑडिटचे, परीक्षेचे, लगीनसराईचे महिने? अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम शाखेतल्या, 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चार महिने कसून व्यायाम केलेल्यांचं काम एकदम तोडलं. तरुणांनी पूर्वीच्या नवव्या हिश्श्यावर, म्हणजे आठवड्यातून एक दिवस आणि प्रत्येक व्यायामाचा एकच सेट, यावर बत्तीस आठवडे स्नायू टिकवले. साठी ओलांडलेल्यांचा स्नायूंचा आकार तेवढ्यावर टिकला नाही, ताकद मात्र बरीचशी राहिली. त्यामुळे लगीनसराईत नातवाने सहा दिवस दांडी मारून रविवारी एकदा हजेरी लावली तरी निभावतं; आजोबांना तेवढी सवलत नाही.